गाडी थरथरते की आजी

तुमच्या बाबांकडून तुम्ही ही हकिगत ऐकली असेल, तर ती साधारण अशी असणार: आजीचे हात थरथरायला लागले, मग तिनं गाडी दुरुस्त करून घेतली, आणि हात बरे झाले. बाबा ती हसत हसत सांगतात, असं तुमच्या आईनं मला कळवलं आहे. हसायला माझी हरकत नाही. पण माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेली, आणि माझ्या सहीचा चुकीचा रिपोर्ट कधी बाहेर गेला नाही. तेव्हा ही दुरुस्त प्रत पाठवते आहे. जुनी रद्द समजावी.

नागपूरच्या रामदासपेठेत आमचं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. भाजी, औषधं, बँक, आणि डॉक्टर तर इतके, की एका चौकात उभं राहून शरीराच्या कुठल्याही भागाची तक्रार करावी आणि समोरच पाटी दिसावी. त्यामुळे या वयात आईला गाडीची गरज नाही, हा तुमच्या बाबांचा मुद्दा कागदावर अगदी बरोबर आहे. कागदावर न बसणारी गोष्ट एकच. माझी ताई कुहीला राहते.

ताईला तुम्ही फोनवर पाहिलेलं आहे. फोन कानाला लावून व्हिडिओ कॉल करणारी, म्हणजे तुम्हाला फक्त तिचा कान दिसतो, ती. तिचे गुडघे गेले आहेत. घरामागचं धानाचं वावर सोडून नागपूरला यायला ती तयार नाही. "तुह्या फ्लॅटात सकाळी उठून पाहू काय? समोरच्याचे वाळत घातलेले बनियन?" असं तिचं उत्तर असतं. म्हणून एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मीच तिच्याकडे जाते. उमरेड रोडनं निघायचं, पाचगावला कुहीकडे वळायचं. सोबत तिच्या गोळ्या, तिला आवडणारी खारी, आणि माझे वाचून झालेले दिवाळी अंक. बस आहे, पण बस थांबते तिथून तिचं घर लांब पडतं. मोबाइलवरून बोलावलेला टॅक्सीवाला कुहीचं नाव ऐकताच आपण होऊन भाडं रद्द करतो. म्हणजे गाडी असेल तर ताई आहे, आणि गाडी नसेल तर तिचा कान आहे.

आता दसऱ्यापासून सुरुवात करते, कारण दुखणं तिथून सुरू झालं.

पावसाळा संपता संपता गाडीला चारही टायर नवे घातले होते. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजेत माझा जुना मायक्रोस्कोप असतो, आजोबांचं कालव्याचे उतार मोजायचं पितळी यंत्र असतं (ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, हे तुम्हाला ते स्वतःच दर भेटीत सांगतात), आणि खाली गाडी असते. रोज गाडी धुणाऱ्या माणसाला त्या दिवशी सुट्टी. त्याचं धुणं आजोबांच्या मते वरवरचं. ते स्वतः पाट, साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि बोथट सुरी घेऊन पुढच्या चाकांशी बसतात. चाकाची आतली बाजूसुद्धा माणसानं पाहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. या वेळी नवे टायर, म्हणून उत्साह जास्त. दोन चाकं इतकी घासली की झेंडूचा रंग त्यात दिसावा. मग त्यांची कंबर धरली, आणि मागची दोन चाकं मी उभ्यानंच पाइपनं धुतली. चारही चाकांना हळदकुंकू लावलं, बॉनेटला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवून आजोबांनी गाडी हातभर पुढे घेतली. झाली पूजा.

त्यानंतरच्या शनिवारी मी कुहीला निघाले. शहरातून बाहेर पडेपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी होती. पुढे रस्ता मोकळा झाला, काटा पंच्याऐंशीवर गेला, आणि स्टिअरिंग माझ्या हातात बारीक थरथरू लागलं. आवाज बंद केलेला मोबाइल टेबलावर वाजायला लागला की कसा गुरगुरतो, तसं. पण न थांबता. नव्वदला ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली. वेग सत्तरवर आणला, तर काही नाही. पुन्हा वाढवला, पुन्हा हजर.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी गाडीकडे नाही, हातांकडे पाहिलं. माझ्या आईचे हात शेवटच्या काही वर्षांत थरथरत. चहा घेऊन ती स्वयंपाकघरातून निघाली, की आधी बशीवर कप वाजायचा आणि मग ती दारात दिसायची. तुमच्या बाबांनी हे लहानपणी पाहिलेलं आहे. ती यायच्या आत ते पळत जाऊन तिच्या हातातली बशी घ्यायचे.

घरी आल्यावर मी आजोबांना एवढंच म्हटलं, "हायवेला गाडी हलते." त्यांनी ते पुढे कळवलं.

रविवारच्या कॉलवर मात्र आधी पंख्याचा कार्यक्रम झाला. आमच्या हॉलमधला छताचा पंखा कित्येक वर्षं डुलत फिरत होता. त्याच्याखाली बसणारा पाहुणा बोलता बोलता खुर्ची भिंतीकडे सरकवत न्यायचा. दसऱ्याच्या दुपारी, कंबर जरा मोकळी होताच, आजोबांनी स्टुलावर चढून त्याच्या एका पात्याच्या पाठीवर नखाएवढ्या करड्या, चौकोनी चकत्या चिकटवल्या होत्या, आणि पंख्याचं डुलणं थांबलं होतं. चकत्या कुठल्या, असं मी विचारलं होतं. "डब्यातल्या," ते म्हणाले होते. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट शेवटी त्या डब्यातच असते, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

"बघ, हलतो का?" आजोबांनी फोन छताकडे धरला.

"नाही हो बाबा. एकदम मस्त," तुमचे बाबा म्हणाले.

"समतोल! एका पात्याला वजन कमी पडत होतं. फरक अगदी चिमूटभर, पण फिरण्याचा वेग वाढला की बघ केवढा जाणवतो. वायरमन म्हणत होता, नवा घ्या."

"आणि आईचं काय हलतंय म्हणे?"

फोन छतावरून माझ्याकडे आला.

"आई, नक्की काय हलतं?"

"स्टिअरिंग."

"बाबा चालवतात तेव्हा हलतं?"

"अजिबात नाही," आजोबा मागून म्हणाले. "मी रोज चालवतो."

रोज म्हणजे भाजीबाजारापर्यंत. आजोबांनी जन्मात कधी साठच्या वर काटा नेलेला नाही. पेट्रोल वाचतं म्हणतात.

"आई, हात पुढे कर. बोटं पसर."

मी हात पुढे केले. पलीकडे तुमचे बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले. मला त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"थोडे हलतायत."

"तुझं कपाळपण हलतंय. इंटरनेट आहे ते."

"आई, चेष्टा नको. आजीचं आठवतं ना तुला? सुरुवात अशीच झाली होती." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "डिसेंबरात मी येतोच आहे. तोवर हायवेवर जाऊ नकोस. आलो की गाडीचं काय ते करून टाकू."

काय ते करून टाकणं म्हणजे विकणं. आजोबांनी होकाराची मान हलवली. पंखा स्थिर होता.

त्या आठवड्यात मी स्वतःच्या पुष्कळ तपासण्या केल्या. सुईत दोरा ओवला, तो पहिल्याच वेळी गेला. काठोकाठ भरलेला कप घेऊन हॉलची फेरी मारली, थेंब सांडला नाही. पण लॅबमध्ये आमचा नियम होता: आपलं रक्त आपण तपासायचं नाही. ज्याला जे हवं असतं, ते त्याला काचेखाली दिसतंच.

मग मी गाडीची तपासणी सुरू केली. पहिल्यांदा गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली नागपुरात मी एकटीच असेन. थरथरीबद्दल त्यात एकच वाक्य होतं: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. मी धंतोलीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीशी संपर्क साधला. त्यानं गाडी नेली, आणि मी बाकावर टेकते न टेकते तोच परत आणली.

"काकू, गाडी तं मख्खन आहे."

"नव्वदला नेऊन पाहिलीत?"

"नव्वद?" तो हसला. "काकू, या गल्लीत पाच स्पीडब्रेकर आन् चार दवाखाने. इथं तं ॲम्ब्युलन्सबी चाळीसनं जाते."

"पण दुखणं पंच्याऐंशीच्या पुढचं आहे. चाळीसला कसं दिसेल?"

"चाळीसले नाही दिसत म्हणजे नाहीच ना ते." मग माझं तोंड पाहून त्यानं तोडगा काढला. "अलाइनमेंट करून घ्या. कम्प्युटरवाली."

"बॅलन्सिंग?"

"टायर नवे टाकले तेव्हाच झालं ना? बिलात लिहून आहे. मग तो सवालच संपला."

छापील बिलापुढे माझीही मान झुकते, ती झुकली. अलाइनमेंट झाली. त्यांनी रंगीत कागद दिला, त्यावर सगळे आकडे हिरव्या रंगात होते. असा सुरेख रिपोर्ट मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. पेशंट मात्र तसाच थरथरत होता. चाकं सरळ रेषेत आहेत की नाहीत एवढंच त्या कम्प्युटरनं पाहिलं होतं. ती वाकडी असती तर गाडी एका बाजूला ओढली गेली असती. माझी गाडी ओढत नव्हती, कापत होती.

हायवेवर जाऊ नकोस, याचा अर्थ मी पंच्याऐंशीच्या वर जाऊ नकोस असा लावला आणि शनिवारी सत्तरनं कुहीला गेले. वाटेत धानाच्या तणसानं भरलेला ट्रक मला मागे टाकून गेला.

"काहून वं, आज उशीर काहून झाला?" ताई ओट्यावर बसून वाट पाहत होती.

मी सगळं सांगितलं. बाबांचं हात दाखव म्हणणं, गाडी विकायचं ठरणं, सगळं. ताईनं ऐकून घेतलं, तांदूळ भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "निवड."

मी खडे निवडत राहिले. ती माझ्या तोंडाकडे न पाहता बोटांकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "हात तं बरोबर आहेत तुहे. सारी जवानी बैलबंडीत बसून गेली माही. चाक डुगडुगते का हाकलणाऱ्याचे हात डुगडुगते, हे बैलालेही समजते. तुह्या घरी कोणालेच समजून नाही राहिलं?"

"त्यांना पुरावा हवा, ताई."

"मंग दे." थोडा वेळ तिनं सुपातला एकच खडा इकडून तिकडे केला. "तू नाही आली तं मी भांडू कोणाशी वं? फोनवर भांडून पोट नाही भरत."

तिचा डावा डोळा दिवाळीच्या आधीपासून धूसर झाला होता. दाखवायला नागपूरला आणायचं ठरलं. घरी परत येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून मोकळ्या रस्त्यावर शेवटच्या तपासण्या उरकल्या. ब्रेक लावताना थरथर वाढते का? नाही वाढत, म्हणजे ब्रेक निर्दोष. वेगात असताना गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन शांत झालं, थरथर होती तशीच. म्हणजे इंजिनही निर्दोष. खुर्ची हलते का? नाही, नुसतं स्टिअरिंग; मागच्या चाकांची थरथर खुर्चीत येते, म्हणजे तीही निर्दोष. उरली पुढची दोन चाकं, आणि माझे दोन हात.

हे शेवटचे दोन आरोपी वेगळे करायला एकच उपाय होता. आमच्या भाषेत त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात: तीच गाडी, तोच रस्ता, तोच वेग, पण हात दुसऱ्याचे. घरात दुसरे हात एकच होते, आणि त्यांना साठच्या वरचा वेग माहीत नव्हता.

ताईला आणायला आजोबांना मी सोबत नेलं. परतीच्या वाटेवर पाचगाव मागे पडलं तशी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्या हातात किल्ली दिली.

"एकदाच. पंच्याऐंशीपर्यंत."

"कशाला? मला माहीत आहे, हलत नाही."

"मग सिद्ध होईल. गाडी विकून टाका."

सिद्ध करायची संधी इंजिनिअर सोडत नाही. ते बसले, आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, आरसे पुन्हा नीट केले. पन्नास. साठ.

"हलतं का?" त्यांनी विजयी स्वरात विचारलं.

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "जावईबापू, नागपूर येईपर्यंत माहा मोतीबिंदू पिकून गळून जाईन. जरा हाना ना!"

मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बकरी घेऊन चाललेले दोन जण आम्हाला मागे टाकून गेले. बकरीनं वळून पाहिलं. ते बहुधा आजोबांना लागलं. त्यांनी पाय दाबला. सत्तर. ऐंशी. मी काट्याकडे पाहत होते. त्यांच्या हातांकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. स्टिअरिंग स्वस्थ राहिलं असतं, तर मला डिसेंबरची वाट पाहायचीही गरज नव्हती. मीच किल्ली देऊन टाकली असती.

पंच्याऐंशीला आजोबांचा चष्मा नाकावरून घसरू लागला.

अठ्ठ्याऐंशीला ते म्हणाले, "रस्ता खराब आहे."

"रस्ता काचेवानी आहे, बापू," ताई म्हणाली.

"बाजूनं वारा येत असेल."

"झाडाचं पान नाही हलून राहिलं. तुमच्याच हाताले वात आला वाटते. पोराले सांगा, फोन करून हात पाह्य म्हणा."

आजोबांनी वेग साठवर आणला आणि नागपूर येईपर्यंत तिथेच ठेवला. मी खिडकीबाहेर पाहत बसले. तूर चांगली आली होती, हे पुष्कळ वेळ माझ्या ध्यानात राहिलं.

ताईचा डोळा दाखवून झाला, मोतीबिंदू आहे पण घाई नाही असं कळलं, आणि ती आमच्याकडे चार दिवस राहून समोरच्या बनियनांना नावं ठेवत बसली. मी आणि आजोबा गाडी घेऊन एका मोठ्या टायरच्या दुकानात गेलो. या वेळी मी तक्रार सांगितली नाही, निदान सांगितलं: पुढची चाकं, पंच्याऐंशी ते पंच्याण्णव, ब्रेक नाही, इंजिन नाही. दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग गाडी वर चढवून पुढच्या चाकात टॉर्च मारली.

"काकू, वजनं कुठं गेली?"

"कसली वजनं?"

त्यानं समजावलं. चाक आणि टायर कितीही नवे असोत, सगळ्या बाजूंनी सारख्या वजनाचे नसतात. म्हणून यंत्रावर फिरवून, जिथे हलकं भरेल तिथे चाकाच्या आत छोटी वजनं चिकटवतात. त्यालाच बॅलन्सिंग म्हणतात. मागच्या दोन चाकांत ती होती. पुढच्या दोन चाकांत वजनांच्या जागी नुसते गोंदाचे चौकोन होते, आणि आजूबाजूचा धातू आरशासारखा स्वच्छ.

"कोणं तरी खरवडून काढले," तो म्हणाला, आणि दाखवायला त्यानं डब्यातून नव्या वजनांची एक पट्टी काढली.

नखाएवढ्या, करड्या, चौकोनी चकत्या.

मी आजोबांकडे पाहिलं. ते भिंतीवर लावलेला टायरमधल्या हवेचा तक्ता वाचत होते. फार मन लावून वाचत होते.

"मला वाटलं," ते त्या तक्त्याला म्हणाले, "काहीतरी घाण चिकटली आहे. डांबर वगैरे."

"मग?"

"काढल्यावर चांगल्या दिसल्या. टाकवेनात. डब्यात ठेवल्या."

दुकानदार कामाचा माणूस होता. "आहेत का अजून? लावून देतो."

"पंख्यावर आहेत," मी म्हटलं.

त्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि त्याच्या आईवडिलांनी त्याला चांगलं वळण लावलं असणार, कारण त्यानं पुढे काही विचारलं नाही. "नवीनच टाकतो मग," म्हणाला.

घरी येताना आजोबा खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते. ज्या चिमूटभर वजनानं पंख्याचं डुलणं थांबलं, तीच चिमूट चाकातून काढल्यावर गाडी कापू लागली; आणि पंख्याचा सिद्धांत सबंध खानदानाला समजावणाऱ्या माणसाला चाकही गोलच फिरतं हे काही सुचलं नाही. हे सगळं मी त्यांना ऐकवू शकले असते. ऐकवलं नाही. घरात शिरल्यावर फक्त पंखा सुरू केला, थंडी होती तरी.

"बंद कर वं तो," ताई शालीतून म्हणाली. तिला सगळं सांगितल्यावर मात्र तिनं तो तसाच चालू ठेवायला सांगितला, आणि संध्याकाळपर्यंत जावईबापूंना त्याच्याखाली बसवून ठेवलं.

रविवारी मी तुमच्या बाबांना रिपोर्ट दिला. आजोबा त्या वेळी दूध आणायला गेले होते. घरात दूध होतं. बाबा इतके हसले की फोन त्यांच्या हातातून पडला आणि मला काही वेळ त्यांची चप्पल दिसत होती.

"म्हणजे आई, तुझे हात…"

"निर्दोष."

"थँक गॉड," ते म्हणाले, आणि तो शब्द हसण्यातला नव्हता. त्यांच्याही डोक्यात तीच कपबशी वाजत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी विकायची घाई त्यांना गाडीमुळे नव्हती.

मग ते एकदम थांबले. लहानपणी गणित सोडवताना मध्येच थांबायचे, तसे.

"एक मिनिट. हे पंच्याऐंशीच्या पुढेच हलतं, पंच्याण्णवला कमी होतं, हे तुला कसं कळलं?"

मी फोन पंख्याकडे वळवला.

"आई, तू पंच्याण्णवनं गाडी चालवतेस?"

लॅबमध्ये असं कधी कधी व्हायचं. पेशंट एका रोगाची शंका घेऊन यायचा, त्यातून सुटायचा, आणि त्याच नमुन्यात दुसरंच काहीतरी सापडायचं. हात निर्दोष ठरवायला मी जो पुरावा इतक्या शिस्तीनं गोळा केला होता, तो सगळा माझ्याच विरुद्ध उभा राहिला. पुष्कळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं ते असं: गाडी राहील, कुहीला जाणं राहील, ऐंशीच्या वर काटा जाणार नाही. मी शब्द दिला. ऐंशीला ही गाडी वजनं काढली तरी हलत नाही. म्हणजे हा नियम आधीपासून असता, तर माझ्या हातांवर संशय आला नसता, आजोबांचं सुरीकाम उघडकीला आलं नसतं, आणि चाकं झिजत राहिली असती. पण नियम करणाऱ्याला हे सगळं लगेच सांगायचं नसतं.

त्या वर्षी बाबा आले तेव्हा तुमच्या परीक्षा होत्या, म्हणून तुम्ही आला नाहीत. ते परत गेल्यानंतरच्या शनिवारी मी कुहीला निघाले, आणि आजोबा न विचारता शेजारी येऊन बसले. हल्ली येतात. पाचगावच्या अलीकडे त्यांनी मान वाकवून काटा पाहिला.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले.

"मग?"

"बॅलन्सिंग पक्कं झालंय का, ते अठ्ठ्याहत्तरला कसं कळणार?"

"मी लेकाला शब्द दिलाय."

"मी कुठे दिलाय?"

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, आरसे पुन्हा नीट केले. साठला ते थबकले, जुन्या ओळखीच्या घरावरून जाताना माणूस थबकतो तसे, आणि मग पुढे गेले. नव्वदला स्टिअरिंग त्यांच्या हातात भिंतीसारखं स्थिर होतं. "समतोल!" ते म्हणाले. पंख्याबद्दल म्हणायचे अगदी त्याच आवाजात.

मला करायला काही काम नव्हतं. हात मांडीवर होते. तुमच्या बाबांनी सांगितली होती तशी मी बोटं पसरून पाहिली; इथे इंटरनेट नव्हतं आणि आता गाडीही हलत नव्हती. ती शांत होती. डाव्या करंगळीबद्दल मी पूर्ण खात्री देणार नाही. तिथे मी "काही महिन्यांनी पुन्हा पाहावे" असा शेरा मारेन. असा शेरा मी हजारो रिपोर्टांवर मारला आहे, आणि त्यातले बहुतेक लोक पुढे ठणठणीत राहिले. तुमच्या बाबांना हे मी स्वतःच सांगणार आहे, त्यामुळे तुम्ही आधी सांगू नका.

ताई ओट्यावरच होती. गाडी थांबताच तिनं आधी जावईबापूंना चालकाच्या जागेवरून उतरताना पाहिलं, मग मला.

"हात दाखव," ती म्हणाली.

मी दाखवले. तिनं ते आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि सूप पुढे सरकवलं.

"चाल, तांदूळ निवडाले बस."